साडेबारा टाकले, डिसेंबर उगवला

अकाउंट्सच्या मॅडमना नवा लॅपटॉप देऊन तासही झाला नसेल, तोच फोन. ‘‘अहो, माझ्या शीटमधले सगळे युरो डॉलर झालेत. आकडे तेच, चिन्ह भलतंच!’’

जाऊन पाहिलं तर खरंच. शीट जुन्या मशीनवर बनवलेली, तिथे विंडोजची रीजन सेटिंग, म्हणजे चलन, तारीख, आकडे कुठल्या देशाच्या पद्धतीने दाखवायचे ते, युरोची. नवा लॅपटॉप अमेरिकन फॉरमॅट घेऊन आला होता. एक्सेलच्या नुसत्या चलनाच्या बटणाने दिलेला फॉरमॅट ज्या मशीनवर फाइल उघडाल, तिथलं चिन्ह दाखवतो. हे मला माहीत होतं, पण घाई नडली. विंडोजच्या रनमध्ये इंटल डॉट सीपीएल टाकून तीच सेटिंग उघडली, फॉरमॅट जर्मन केला, युरो परत आला. मॅडम खूश, मी जागेवर.

अर्ध्या तासात पुन्हा फोन. या वेळी आवाज चढलेला. बँकेची सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाइल, उघडली तर अख्खी ओळ पहिल्याच कॉलममध्ये कोंबलेली. शिवाय त्यांनी 12.50 टाईप केलं की सेलमध्ये डिसेंबर! मला पटेना. माझ्यासमोर त्यांनी पुन्हा टाकलं. वर फॉर्म्युला बारमध्ये चक्क 01.12.1950.

मग ट्यूब पेटली. जर्मन पद्धतीत दशांशाला स्वल्पविराम, आणि टिंब तारखेत. म्हणून एक्सेलने साडेबाराला बारावा महिना आणि सन पन्नास समजून घेतलं. स्वल्पविराम दशांशात गेला म्हटल्यावर लिस्ट सेपरेटर, म्हणजे कॉलम तोडणारं चिन्ह, झाला अर्धविराम. सीएसव्हीचे कॉलम फुटणार कसे? एका चिन्हासाठी मी सगळं घरच हलवलं होतं.

फॉरमॅट होता तसा परत केला. चुकून तारखा झालेले सेल मात्र आपोआप सुधरत नाहीत, ते मॅडमनी एकेक करून पुन्हा भरले आणि मी मुकाट शेजारी बसलो. मग रकमांचे कॉलम निवडून कंट्रोल-वन (सेलच्या फॉरमॅटची खिडकी), करन्सी, आणि चिन्हांच्या यादीतला देशाचं नाव जोडलेला युरो. तो फॉरमॅट सेललाच चिकटतो, मशीन कुठलंही असो.

‘‘म्हणजे रकमा बदलल्याच नव्हत्या?’’

‘‘नाही. सेटिंग नुसतं चिन्ह बदलते, चलनाचा हिशेब करत नाही.’’

‘‘मग सकाळी साहेबांना दिलेली प्रिंट?’’

ती डॉलरची होती. परत आणायला त्यांनी मलाच पाठवलं.