फारगोच्या चासीतले रिव्हेट

शिवडीतल्या आमच्या वर्कशॉपला येणारे ट्रक रोजच्या धंद्यातले. कमान तुटली, क्रॉस मेंबर वाकला, आजच्या आज द्या, रात्री गोदीतून माल उचलायचाय. अशा ठिकाणी ट्रेलरवरून एक जुनी फारगो उतरली. क्रायसलर या अमेरिकन कंपनीचा हा ट्रक बांधला मात्र इथे, कुर्ल्यात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये. म्हणजे हार्बरने माहेर जेमतेम चार स्टेशनांवर.

गाडीचे मालक शेठ हौशी. इंजिन, केबिन, लोखंडी जाळी, सगळ्यावर खर्च करायची तयारी. चासी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा; तिचं नाव काढलं की, "तिला काय होतंय? घासा, रंग मारा."

मला तो रंग मारायचा नव्हता. डाव्या बाजूला, मागच्या कमानीच्या पुढच्या हँगरपाशी (कमान चासीला जोडणारा कंस), हँगर आणि चासी यांच्यात गंज इतका साठला होता की हँगरची प्लेट दोन रिव्हेटांच्या, म्हणजे टोक ठोकून डोकं केलेल्या जाड खिळ्यांच्या, मध्ये पोट आल्यासारखी फुगली होती. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा खातो, आणि जागा मिळाली नाही तर प्लेट ढकलून करून घेतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत तर विचारूच नका. वरून घासून रंग मारला असता तर आतलं काम चालूच राहिलं असतं. हँगर उतरवायचा, म्हणजे रिव्हेट काढायचे.

रेल्वेच्या परळ वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले आप्पा आमच्याकडे अधूनमधून येतात, चहा आणि शिव्या दोन्ही मोकळ्या हाताने देतात. ते आले तेव्हा आमचा पोरगा गॅस कटर पेटवत होता. आप्पांनी आधी नॉब बंद केला, मग तोंड उघडलं.

"मेल्या, भंगार कापतोयस काय?"

खरी गोष्ट आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात रेल्वेवरचा जुना कर्नाक पूल पाडला तेव्हा गर्डर गॅसने कापले आणि क्रेनने उचलले. तिथे ते ठीकच होतं, त्या भोकांत पुन्हा कोणी काही बसवणार नव्हतं. इथे त्याच भोकात नवा बोल्ट यायचाय. गॅसने कड वितळून दातेरी झाली की तडा तिथूनच सुरू होतो.

पोराने ग्राइंडरने डोकी सपाट केली. सेंटर पंच मारताना आप्पा शेजारी उकिडवे बसले, प्रत्येक खूण बोटाने चाचपून बघितली. खूण केसभर बाजूला गेली तर ड्रिल रिव्हेट सोडून चासीत शिरतं. आधी तीन मिलिमीटरचा बीट, मग सहा, मग नऊ, तेही डोक्याच्या जाडीपुरतंच. छिन्नीचा एक फटका, डोकं टिकलीसारखं उडालं. पंच लावून घण घातला की दांडी पलीकडे. तीन रिव्हेट असे सुटले. पोरगा खूश.

चौथा हलेना. डोकं उडालेलं, पंच ठेवून घाव घातले तर पंचच उसळून परत येतोय. तेल मारलं, शिव्या घातल्या, रिव्हेट जागच्या जागी.

बघणाऱ्याला वाटतं गंजाने धरलंय. गंज असतोच, पण खरी पकड वेगळी. रिव्हेट ठोकला की दांडी फुगून भोक गच्च भरते. कारखान्यात प्रेसने गार दाबला तरी भरते; गरम ठोकला तर थंड होताना आखडून प्लेटही आवळतो. त्यात हँगरचं भोक आणि चासीचं भोक नेमकं समोरासमोर नसेल, तर दांडी आत पायरीसारखी वळते. अशी दांडी सरळ घावाने बाहेर येत नाही; जोर केला तर चासीचं भोक घेऊनच येते.

आप्पांनी घण बाजूला ठेवायला लावला. "आतून पोखर." दांडीच्या मधोमध आरपार ड्रिल, मग एक साइझ मोठं, मग आणखी एक, कटिंग ऑइल टाकत, सावकाश. शेवटी कडेला पातळ नळी उरली. पातळ नळीला भोकाविरुद्ध फुगून राहायला जीव उरत नाही. पंचचा हलका टोला, नळी आत चेपली आणि बाहेर पडली. हातात घेतली तर मधोमध खांदा, म्हणजे तीच पायरी, स्पष्ट दिसत होता.

हँगर उतरला. मागून पापुद्रे झाडले, वायर ब्रश फिरवला, आणि आप्पा म्हणाले, "टॉर्च आण."

खालच्या भोकापासून निघालेला तडा चासीच्या खालच्या फ्लेंजपर्यंत, म्हणजे खालच्या आडव्या पट्टीपर्यंत, पोचला होता. कोणीतरी पूर्वी हँगर हलतोय म्हणून त्याची कड फ्लेंजला आडवी वेल्ड करून टाकली होती. माल भरला की दोन ॲक्सलच्या मध्ये चासीची खालची पट्टी ताणली जाते, आणि नेमकं तिथेच हा आडवा वेल्ड. फ्लेंजवर ना भोक पाडायचं ना आडवं वेल्डिंग करायचं, हे ट्रकच्या कामात पहिल्या वर्षी शिकवतात. ज्याने केलं त्याला त्या रात्री गाडी सोडायची असणार, दुसरं काय.

शेठना बोलावून टॉर्चच्या उजेडात दाखवलं. बराच वेळ बघत राहिले. यावर रंग बसला असता, एवढंच मी म्हणालो.

तड्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवला, खाच करून लो हायड्रोजन वेल्डिंग रॉडने भरला, घासून सपाट केला. उघडं लोखंड पावसाळी हवेत रात्रीतून तांबूस होतं, म्हणून प्राइमर त्याच संध्याकाळी. भोकं रीमरने, म्हणजे भोक मापात गुळगुळीत करणाऱ्या हत्याराने, बारा मिलिमीटरला नेली आणि १०.९ ग्रेडचे मजबूत बोल्ट घेतले, गुळगुळीत दांडी दोन्ही प्लेटमधून जाईल असे. पूर्ण आट्यांचा बोल्ट तिथे चालत नाही. आट्यांवर प्लेट घासून भोक पुन्हा ढिलं होतं.

शेठना गोल डोकी हवी होती, जुन्यासारखी दिसणारी. आप्पा म्हणाले, भट्टी आणि डॉली, म्हणजे रिव्हेटला पलीकडून टेकवायचा जड ठोकळा, धरायला एक दणकट माणूस द्या, देतो ठोकून. तो विषय तिथेच राहिला. उजवी बाजूही खोलायची हे मात्र शेठनी स्वतःहून सांगितलं आणि रेट विचारला.

"सरळ निघाला तर रिव्हेटमागे एक भाव," आप्पा म्हणाले, "वाकडा निघाला तर दुप्पट. आणि वाकडा कुठला ते मी ठरवणार."