‘एक्झाइल’ आणि ‘अति’ हा शब्द

हर्ट्स या बँडचा ‘एक्झाइल’ हा अल्बम मार्च २०१३मध्ये आला तेव्हा मी आधी परीक्षणं वाचली आणि मग अल्बम लावला. शुद्ध गाढवपणा. परीक्षणांतला ‘अति’ हा शब्द डोक्यात आधीच ठाण मांडून बसला होता. ‘मिरॅकल’ या गाण्याचा तो छप्परफाड कोरस सुरू झाला आणि मी समीक्षकांच्या हो ला हो करून मोकळी झाले.

मँचेस्टरची ही जोडी. थिओ हचक्राफ्ट गातो, अ‍ॅडम अँडरसन सिंथ आणि गिटार सांभाळतो. दोघांची ओळख २००५मध्ये एका क्लबबाहेर झाली, तीही दोघांच्या मित्रांची मारामारी जुंपलेली असताना. पहिला अल्बम ‘हॅपिनेस’ २०१०चा. चापूनचोपून बसवलेले केस, सूट, कृष्णधवल फोटो, आणि सेव्हर्न नदीवरच्या पुलावर सुरू होणारं ‘वंडरफुल लाइफ’. नाटक तेव्हाही काही कमी नव्हतं! नाकं मुरडणारेही होते. पण सगळं इतकं नीटनेटकं होतं, की ते खपून गेलं.

‘एक्झाइल’मध्ये इस्त्री मोडली. गिटार पुढे आल्या, ड्रम जड झाले. कुणाला हा काळोख भावला, कुणाला तो स्टेडियम भरण्यासाठी केलेला आटापिटा वाटला. डेपेश मोड आणि म्यूज या बँडांशी तुलना झाली. त्यात त्याच महिन्यात खुद्द डेपेश मोडचा ‘डेल्टा मशीन’ येऊन थडकला, म्हणजे बिचाऱ्यांचं नशीबच खोटं. ‘क्यूपिड’चा तो डुलणारा गिटार-रिफ ऐकला की तुलना चुकीची होती असंही म्हणवत नाही. ‘हॅपिनेस’ ब्रिटनच्या अल्बम-चार्टवर चौथ्या क्रमांकापर्यंत गेला होता, हा नवव्यावर थांबला.

माझं मत बदललं ते ‘द रोड’मुळे. एका रात्री हेडफोन लावून, दिवा घालवून ऐकत होते. थिओ अगदी दबक्या आवाजात सुरू करतो, कानाशी येऊन काहीतरी कबूल करावं तसा. मग हळूहळू सगळं अंगावर यायला लागतं, आणि पुढे यंत्रं बिघडल्यासारखा गोंगाट. मी दचकून आवाज कमी केला. मग लगेच परत वाढवला. इथे ‘अति’ म्हणणाऱ्यांचं मला पटतच नाही. हे गाणं बेताबेतानं गायलं असतं तर त्यात उरलं काय असतं?

‘मिरॅकल’बद्दल मात्र मी अजूनही समीक्षकांच्याच बाजूला आहे. तिथे पहिल्या मिनिटातच सगळे फटाके उडवून झालेले असतात, मग उरलेला वेळ नुसता धूर.

आणि शेवटचं ‘हेल्प’. पियानो साक्षात एल्टन जॉनचा, तरी ते गाणं मला आजवर एका दमात पूर्ण ऐकवलेलं नाही.