मागचं गेट: पुण्यात पायी फिरता येईल असं घर शोधताना

पुण्यात घर शोधतोय म्हणून कुणी मला फोन केला, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सोसायटीला गेटं किती आहेत आणि त्यातलं उघडं कुठलं असतं? भाडं, डिपॉझिट, पार्किंग, पाणी हे सगळं एजंट न विचारता सांगतो. गेटाचं कुणीच सांगत नाही. आमचं घोडं नेमकं तिथेच अडलं होतं, आणि त्या सोसायटीच्या ऑफिसात ऐकून घेतलेली उत्तरं आठवली की आजही माझं डोकं तापतं.

माझी बदली शिवाजीनगरच्या ऑफिसात झाली तेव्हा आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहत होतो. नवरा घरून काम करतो, लेक दुसरीत जाणार होती आणि सोबत सासूबाई. आईंचे गुडघे दुखतात, पण त्या रोज सकाळी एकट्या अंबाबाईला जाऊन, येताना महाद्वार रोडवरून भाजी घेऊन यायच्या. वाटेत चार जणींशी बोलणं व्हायचं. पुण्यात गेल्यावर त्यांचं हे सुटलं असतं तर त्या महिन्याभरात खचल्या असत्या. म्हणून आमची अट एकच होती: आईंना आणि लेकीला कुणाच्याही गाडीवर न बसता रोजची कामं करता आली पाहिजेत. शाळा, भाजी, देऊळ, बाग आणि माझ्यासाठी मेट्रो, सगळं पायी.

बाणेर आणि वाकडला घरं सुरेख होती. मोठ्या बाल्कन्या, आत खेळायला जागा, पोहायचा तलाव. पण आम्ही पाहिलेल्या सोसायट्यांच्या गेटाबाहेर पाऊल टाकलं की थेट वाहता रस्ता, आणि कोथिंबिरीची जुडीसुद्धा ॲपवरून मागवायची. औंधात डीपी रोडचे फुटपाथ पाहून मी अक्षरशः खूश झाले, पण तिथलं भाडं आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. पेठांमध्ये सगळं हाताशी, पण परवडणाऱ्या इमारतींना लिफ्ट नाही. शेवटी कोथरूडवर आलो. वनाजपासूनची मेट्रो तिथून जाते, त्यामुळे माझं ऑफिस सोपं झालं. मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी, आयडियल कॉलनी या भागांत आतले रस्ते सावलीचे आहेत आणि गिरणी, किराणा, दवाखाना, फुलवाली सगळं गल्लीच्या तोंडाशी मिळतं. थोरात उद्यानात संध्याकाळी आजी-आजोबांचे कट्टे भरलेले पाहिले आणि आई म्हणाल्या, "इथं बघा."

पौड रोडच्या बाजूच्या एका गल्लीत घर सापडलं. दुसरा मजला, लिफ्ट, पूर्वेचा उजेड. मालककाका नागपूरला असतात, फोनवर सज्जन वाटले आणि तसेच निघाले. एजंट म्हणाला, "मॅडम, शाळा पाच मिनिटांवर." मोबाइलच्या नकाशातही तसंच दिसत होतं.

तरी मी चालून बघायचं म्हटलं, आणि तेही शाळेच्या वेळेला. हे सगळ्यांनी करावं. रविवारी सकाळी अकरा वाजता घर बघून काही कळत नाही. सकाळी सव्वासातला जा, दप्तर पाठीवर असलेल्या मुलाला घेऊन जा आणि त्याच्या पावलाने चाला. आम्ही निघालो तर नकाशातली वाट सोसायटीच्या मागच्या गेटातून जात होती, आणि त्या गेटाला साखळी घालून कुलूप लावलेलं. कुलपाला गंज चढला होता आणि गजांवर गुळवेल चढली होती. पलीकडे शाळेकडे जाणारी शांत गल्ली अगदी स्पष्ट दिसत होती. आम्ही उभे होतो तेवढ्यात एक आजोबा खाली आले आणि त्यांनी गजांमधून हात घालून पलीकडे उभ्या नातवाला विसरलेला डबा दिला. मुलाला त्याच्या बाबांनी स्कूटरवरून मोठा वळसा घालून तिथे आणलं होतं.

मागचं गेट बंद म्हणजे पुढच्या गेटातून बाहेर पडून पौड रोडच्या कडेने चालायचं. तिथे फुटपाथ आहे, पण प्रत्येक इमारतीच्या रॅम्पशी तो तुटतो, मध्येच विजेची डीपी, मध्येच लावलेल्या दुचाकी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा लागते. समोरासमोर आलेली दोन माणसं एकमेकांना वाट देऊ शकतील एवढी ही जागा. तिथे मी लेकीचा हात धरून शेजारी चालू शकत नव्हते, एकीला पुढे आणि एकीला मागे व्हावं लागत होतं. सात वर्षांच्या मुलीला त्या रस्त्याने रोज नेणं मला मान्य नव्हतं, आणि आईंना तर तिथून एकटं सोडणं शक्यच नव्हतं. शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं आहे. नियम ठीक आहे, पण मधे कुलूप असेल तर ते अंतर मुलाच्या काय कामाचं?

मी मालककाकांना कळवलं की घर पसंत आहे, पण मागचं गेट निदान शाळेच्या वेळेला उघडणार असेल तरच करार करू. इथून खरी रखडपट्टी सुरू झाली.

सोसायटीचं ऑफिस संध्याकाळी तासभर उघडतं. सेक्रेटरींना भेटले. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मॅडम, तुम्ही अजून राहायलाही आलेल्या नाहीत." बरोबर आहे, म्हटलं, पण राहायला यायचं की नाही ते यावरच ठरणार आहे. तर म्हणाले, "भाडेकरूंचे अर्ज कमिटी घेत नाही." अर्ज कुणी द्यायचा? "मेंबरनी." मेंबर नागपूरला आहेत, ईमेल चालेल? "सहीचं पत्र लागेल." मालककाकांनी बिचाऱ्यांनी सही करून पत्र कुरिअरने पाठवलं. ते घेऊन गेले तर उत्तर आलं, कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदाच होते आणि या महिन्याची होऊन गेली.

त्या दिवशी मी जिना उतरताना रडले. सामान कोल्हापुरात बांधून पडलेलं, आम्ही नणंदेकडे धायरीत एका खोलीत, शाळेत फी भरायची तारीख जवळ आलेली आणि एजंटचा रोज फोन: "दुसरी पार्टी तयार आहे, टोकन देऊन टाका." नवरा म्हणाला, सोडून देऊ, दुसरं घर बघू. पण मला ते पटेना. बाकी सगळं जुळलं होतं. अडलं होतं ते एका कुलपापाशी, आणि कुलूप उघडता येतं.

पुढच्या महिन्याच्या मीटिंगला मला आत बसू दिलं नाही. निरोप बाहेर आला: सुरक्षेचा प्रश्न आहे. काही वर्षांपूर्वी मागच्या बाजूने सायकल चोरीला गेली होती, तेव्हापासून गेट बंद. फेरीवाले येतील, कॉलेजची मुलं वाट म्हणून वापरतील, वॉचमनचा पगार वाढेल. एकेक मुद्दा मी लिहून घेतला. यातला एकही खोटा नव्हता, पण उपाय नाही असाही एकही नव्हता. माझा संताप झाला तो यासाठी, की उपायावर कुणी बोलायलाच तयार नव्हतं.

मग मी ऑफिसात जाणं थांबवलं आणि सकाळी गेटापाशी उभी राहायला लागले. तिथे कळलं की अडचण एकट्या माझी नाही. घरकामाला येणाऱ्या ताई पलीकडच्या वस्तीतून यायच्या, त्यांना रोज दोनदा पूर्ण वळसा पडत होता. एक ताई म्हणाल्या, "तेवढ्यात माझं एक घर उरकलं असतं." डबावाले आजोबा तर होतेच. आणि बी विंगमधल्या एक आजी, निवृत्त शिक्षिका, त्यांनी सगळं ऐकून मला चहाला वर नेलं आणि कपाटातून उपविधींचं, म्हणजे सोसायटीच्या नियमांचं पुस्तक काढलं.

पुढचं सगळं त्या आजींनी केलं. भाडेकरूला सर्वसाधारण सभेत मत नसतं हे खरं. पण एकूण सभासदांपैकी एक पंचमांश जणांनी लेखी मागणी केली, तर कमिटीला महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावी लागते. आजींनी स्वच्छ अक्षरात एका पानाचा अर्ज लिहिला. मागणी साधी होती: सकाळी शाळा भरताना, दुपारी सुटताना आणि संध्याकाळी बागेच्या वेळेला गेट उघडं ठेवावं, त्या वेळात दोनपैकी एका वॉचमनने मागे बसावं, पार्किंगमधल्या कॅमेऱ्यांपैकी एक गेटाकडे फिरवावा. म्हणजे जास्तीचा खर्च शून्य. मग आजी आणि डबावाले आजोबा विंगा फिरले. लिफ्टमध्ये, जिन्यात, पूजेला गेलेल्या घरात सह्या घेतल्या. पाचव्या हिश्श्यापेक्षा कितीतरी जास्त सह्या झाल्या.

अर्ज देताना आजींनी दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, पोच कशाला, घरचंच आहे." आजी म्हणाल्या, "घरचं आहे म्हणूनच." विशेष सभेपर्यंत गोष्ट गेलीच नाही. त्याच महिन्याच्या मीटिंगमध्ये कमिटीने तीन महिन्यांच्या चाचणीवर गेट उघडायचं ठरवलं. ज्या सकाळी साखळी निघाली त्या सकाळी आम्ही चौघे तिथे गेलो होतो. लेक पळतच पलीकडे गेली आणि शाळेच्या कमानीपाशी जाऊन हात हलवायला लागली. आई सावकाश, कुणाचा हात न धरता चालत तिथवर पोचल्या. मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा बदलीच्या बढतीचाही वाटला नव्हता.

करार नंतर दोन दिवसांत झाला. तो ऑनलाइन होतो, अंगठे घ्यायला माणूस घरी येतो. महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये आणि मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून ती रक्कमही मोजतात. एजंट ठोक आकडा सांगतो, त्यातलं सरकारी किती आणि त्याचं किती हे वेगळं विचारा. आणि सोसायटीची परवानगी आणा म्हणून मालकाला कुणी अडवलं, तर आदर्श उपविधी दाखवा: परवानगी लागत नाही, आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी मालकाकडून जे बिगरवहिवाट शुल्क घेते, तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही. आमच्या मालककाकांकडून ते जास्त घेतलं जात होतं, आजींमुळे तेही सुटलं.

आणखी काही आठवलं ते सांगते. घर बघताना इस्त्रीवाल्याशी बोला. कुठली गल्ली पावसात तुंबते, कुठले दिवे बंद असतात, कुठे कुत्री अंगावर येतात हे त्याला ठाऊक असतं, आणि त्याला तुम्हाला काही विकायचं नसतं. संध्याकाळी सातनंतर बाईने एकटीने एकदा चालून बघावं, नवऱ्यासोबत नाही. चौकात सिग्नल असला तरी पायी चालणाऱ्यांसाठी वेगळा वेळ मिळतो का ते उभं राहून बघा. काही ठिकाणी एका बाजूची वाहनं थांबली की दुसऱ्या बाजूची वळतात आणि आजीने ओलांडायचं कधी हा प्रश्न तसाच राहतो. घरात म्हातारं माणूस असेल तर वाटेत टेकायला कट्टा किंवा पायरी आहे का बघा. आई आता देवळात जाताना गिरणीच्या पायरीवर बसतात, गिरणीवाल्या वहिनींशी त्यांचं चांगलं जमलंय. आणि सकाळच्या रस्त्यावर मुलं आणि म्हातारी माणसं पायी दिसली नाहीत, तर त्या भागाची जाहिरात कितीही चांगली असो, तिथे घर घेऊ नका.

पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन करते, त्या दिवशी तिथे गाड्या नसतात. आम्ही लेकीला घेऊन गेलो होतो. ती रस्त्याच्या मधोमध चालत होती आणि मला सारखी विचारत होती, उद्या पण असंच असेल का. मला तिला हो म्हणायचं होतं.

चाचणीचे तीन महिने संपले, गेटाची वेळ कायम झाली, काहीही चोरीला गेलं नाही. पण रविवारी गेट अजून दिवसभर बंद असतं, आणि बागेत सगळ्यात जास्त मुलं रविवारीच असतात. त्याचा अर्ज मालककाकांच्या सहीने मागच्या आठवड्यात दिला आहे. पोच घेतली आहे.