स्पितीच्या वाटेवर तीन बाईक: वजन, पॉवर आणि टॉर्कचा हिशोब

शिमल्याकडून चढत हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातलं काझा गाठायचं आणि कुंझूम खिंड ओलांडून मनालीत उतरायचं, असा बेत होता. बाईक तीन: रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४५०, केटीएमची जुनी ३७३ सीसीची ३९० ॲडव्हेंचर आणि हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही. वाटेत बाईकची अदलाबदल करायची हे पुण्यातच ठरलं होतं, त्यामुळे तिघांनाही तिन्ही गाड्या हाताळायला मिळाल्या. नवी बाईक घेणारे मित्र सगळ्यात आधी पॉवर विचारतात. स्पितीला जाणार असाल तर आधी वजन विचारा, मग टॉर्क (चाक फिरवणारा जोर) किती आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर) मिळतो ते विचारा. पॉवरचं नंतर बघू.

हिमालयनची पॉवर ४० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच एकक), टॉर्क ४० न्यूटन-मीटर, तोही ५,५०० आरपीएमला. वजन १९६ किलो. ३९० ची पॉवर ४३.५ पीएस, टॉर्क ३७ न्यूटन-मीटर पण ७,००० आरपीएमला, वजन पावणेदोनशेच्या घरात. एक्सपल्स १९.१ पीएस, १७.३५ न्यूटन-मीटर, वजन जेमतेम १६० किलो.

चंदीगड ते नारकंडा केटीएमचं राज्य. ओव्हरटेक करताना गिअर उतरवला की गाडी सुटते, वळणात हलकी वाटते. एक्सपल्स नव्वदच्या पुढे थकते. हायवेवर तिच्यासाठी थांबत जावं लागतं, हे आधीच मान्य करून निघा. किन्नौरच्या कड्यात कोरलेल्या रस्त्यावर मात्र तिघांचा वेग एकच होतो. तिथे वेग रस्ता ठरवतो.

काझ्याच्या वर किब्बर, कोमिककडे चढताना उंचीचा फटका कळला. साडेचार हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही थोडी कमी असते. फ्युएल इंजेक्शन पेट्रोल-हवेचं मिश्रण सांभाळून घेतं, पण हवेत नसलेला ऑक्सिजन आणणार कुठून? म्हणजे ढोबळ हिशोबाने हिमालयनचे ४० पीएस पंचविसावर येतात आणि एक्सपल्सचे १९ बारावर. पंचविसात लगेजसकट चढ निघतो. बारात पहिला-दुसरा गिअर सोडता येत नाही. एक्सपल्स नेणाऱ्याने पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) एका दाताने लहान करून घ्यावं. हायवेवर थोडा वेग जातो, पण चढावर गाडी गुदमरत नाही.

खरी परीक्षा कुंझूम उतरल्यावर, बातल ते ग्रामफू. रस्ता म्हणजे नदीपात्रातले गोटे, मध्येच वाळू, मध्येच नाला. एका नाल्यात पाणी घोट्याच्या वर होतं आणि तळाला फुटबॉलएवढे दगड. हिमालयन पहिल्या गिअरमध्ये जवळजवळ चालत्या वेगाने दगडांवरून चढत गेली, थ्रॉटल फारसा द्यावाच लागला नाही. ३९० चा टॉर्क वरच्या आरपीएमला, त्यामुळे अर्धा क्लच धरून इंजिन चढतं ठेवावं लागलं; पलीकडे पोचेपर्यंत डावा पंजा भरून आला. एक्सपल्स वाकडी झाली की पाय टेकवून सरळ करता येत होती.

पुढच्याच वळणावर हिमालयन वाळूत आडवी झाली. आता वजनाचं गणित बघा. चालवताना ८० किलोचा माणूस आणि २५ किलोचं सामान धरलं तर हिमालयन ३०० किलो आणि एक्सपल्स २६५. फरक बारा टक्के, जाणवतही नाही. पण पडलेली गाडी उचलताना आपण तिच्यावर नसतो. तेव्हा १९६ किलो अधिक सामान एका बाजूला आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला, तेही धाप लावणाऱ्या हवेत. तिथे दोघे लागलो. एक्सपल्स पडली असती तर एकट्याने उभी केली असती, आधी बॅगा काढून.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मागे कुणी बसणार असेल तर हिमालयन. एकटे, कमी सामान आणि घाई नसेल तर एक्सपल्स, अगदी डोळे मिटून. वर्षभर हायवेच जास्त होणार असेल तर ३९०, पण क्लचवर हात बसवून मगच इकडे या. सेकंडहँड जुनी हिमालयन ४११ मिळत असेल तर तिला नाकारू नका: पॉवर २४ पीएसच, वजन १९९ किलो, पण ३२ न्यूटन-मीटर टॉर्क ४,००० ते ४,५०० आरपीएमलाच हाती येतो, आणि अशा वाटेवर तोच कामी येतो.

शोरूममध्ये बूट घालून बसा आणि दोन्ही पाय किती टेकतात ते बघा. ३९० ची सीट ८५५ मिमी, बाकी दोघींची ८२५ च्या आसपास. पाच फूट पाचच्या माणसाला तीन सेंटिमीटर नाल्यात फार होतात. लोखंडी पेट्यांऐवजी सॅडल बॅग घ्या, जड वस्तू खाली आणि पुढे.

शिमल्याकडूनच चढा, म्हणजे शरीराला उंचीची सवय होते. कुंझूम साधारण जून ते ऑक्टोबर उघडा असतो, तरी काझ्यात चौकशी करूनच निघा. नाले सकाळी ओलांडा. ऊन चढलं की बर्फ वितळून दुपारी पाणी वाढतं. काझ्याच्या पंपावर टाकी काठोकाठ भरा, पुढे मनालीपर्यंत सुमारे २०० किलोमीटर पंप धरू नका. एक्सपल्सची टाकी १३ लिटरची, हिमालयनची १७. बाईक रेल्वे पार्सलने पाठवणार असाल तर पेट्रोल पूर्ण काढावं लागतं. आरसीची प्रत आणि आरसे काढायला पाना जवळ ठेवा.