डॉट स्लॅश विसरलीस का?

परवा एका ज्युनियरचा मेसेज आला, युनिव्हर्सिटीच्या शेअर्ड लिनक्स मशीनवर सी भाषेत प्रोग्राम लिहायला शिकतेय. ताई, प्रोग्राम कंपाइल होतोय, एरर पण नाही, पण रन केला की काहीच येत नाही, नुसता प्रॉम्प्ट परत येतो. मी एवढंच विचारलं की फाइलचं नाव काय ठेवलंयस. म्हणाली, टेस्ट.

मी एकटीच बसल्याजागी हसले, कारण बरोब्बर हाच घोळ मी पहिल्या सेमिस्टरला घातला होता आणि अख्खी दुपार त्यात गेली होती. प्रिंटएफची ओळ दहा वेळा तपासली, ब्रॅकेट मोजले, शेवटी वाटायला लागलं की युनिव्हर्सिटीचं टर्मिनलच बिघडलंय. झालं काय होतं, तर टेस्ट नावाची एक कमांड शेलमध्ये, म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, आधीपासूनच असते, अटी तपासायला, आणि ती स्क्रीनवर काहीच छापत नाही, खरं की खोटं एवढं गुपचूप परत देते. मी टेस्ट टाइप केलं की चालायची ती. माझा बिचारा प्रोग्राम फोल्डरमध्ये तसाच बसून. डॉट स्लॅश टेस्ट, म्हणजे ‘याच फोल्डरमधला टेस्ट’, म्हटलं असतं तर लगेच चालला असता.

मग तेव्हा प्रश्न पडला की मी ज्या फोल्डरमध्ये उभी आहे तिथलाच प्रोग्राम शेलला दिसत नाही म्हणजे काय, एवढं काय अवघड आहे. त्याचं उत्तर लॅबमधल्या एका सीनियरनी दिलं आणि ते मला फार आवडलं होतं. समज टेम्पसारख्या फोल्डरमध्ये, जिथे कोणीही लिहू शकतं, एखाद्यानी एलएस (फोल्डरमधल्या फाइल्सची यादी दाखवणारी रोजची कमांड) याच नावाची स्वतःची फाइल टाकून ठेवली. तू तिथे गेलीस, सवयीनी एलएस मारलंस, आणि शेलनी आधी तेच फोल्डर बघितलं, तर त्याचा प्रोग्राम तुझ्या परमिशन वापरून चालणार, तुझ्या सगळ्या फाइल्स त्याला मोकळ्या. म्हणून चालू फोल्डर पाथमध्ये, म्हणजे शेल जिथे प्रोग्राम शोधतो त्या फोल्डरच्या यादीत, नसतं, आणि आपल्याला दर वेळी सांगावं लागतं की हो बाबा, इथलाच, हाच. त्या दिवसापासून माझा या सिस्टिमवरचा अर्धा राग गेला, कारण तिथली जवळजवळ प्रत्येक कटकट ‘मशीनवर आपण एकटे नाही’ यातूनच येते.

लॉगिनचंच घ्या ना. पहिल्या दिवशी पासवर्ड टाइप केला तर स्क्रीनवर ठिपकेसुद्धा येत नाहीत, मला वाटलं कीबोर्ड अडकला, मग जोरजोरात दाबून तीन वेळा चुकवला. आणि ज्या एसएसएचनी, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायच्या प्रोग्रामनी, आपण आत शिरतो ते मुळात असल्याच शेअर्ड नेटवर्कच्या त्रासातून आलंय. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या टेक्नॉलॉजी युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कवर कोणीतरी जाता-येता पासवर्ड चोरत होतं, टेलनेट या जुन्या लॉगिन प्रोग्राममधून ते उघडेच जायचे, तेव्हा तिथल्या टाटू इलोनेननी एसएसएच लिहिलं.

नावांवरून अजून एक. जीसीसीला, म्हणजे कंपायलरला, डॅश ओ देऊन नाव सांगितलं नाही तर तो ए डॉट आउट बनवतो. हे नाव असेंब्लर आउटपुटचं लघुरूप, अगदी सुरुवातीच्या युनिक्सपासून चालत आलेलं. आज लिनक्सवर आत ईएलएफ नावाचा पूर्ण वेगळा फॉरमॅट असतो पण पाटी जुनीच. यात खरा धोका असा की कोडमध्ये सेमीकोलन राहिला, कंपाइल फेल झालं, तरी कालचा ए डॉट आउट तिथेच असतो, आणि एररच्या ओळी न वाचता तुम्ही तोच रन करता आणि म्हणता अरे मी बदल केला तरी आउटपुट तेच कसं. मी हे इतक्या वेळा केलंय की आता कंपाइल आणि रन एकाच ओळीत दोन अँपरसँड टाकून लिहिते, पहिलं फेल तर दुसरं होतच नाही.

स्क्वेअर रूटचा किस्सा याहून भारी. वर्गात एकीनं स्क्वेअर रूट ऑफ दोन असा आकडा थेट लिहून प्रोग्राम केला, चालला. मी तोच आकडा युजरकडून घेतला तर लिंकर, म्हणजे प्रोग्राम आणि लायब्ररी जोडणारा, बोंबलायला लागला, अनडिफाइन्ड रेफरन्स. दोघींचं कोड सारखंच! भांडलोच आम्ही जवळजवळ. कारण असं की आकडा आधीच माहीत असेल तर जीसीसी उत्तर स्वतःच काढून ठेवतो, मॅथ लायब्ररीची गरजच पडत नाही. व्हेरिएबल आला की लागते, आणि मग ती जोडायला डॅश एल एम द्यावं लागतं, तेही सोर्स फाइलच्या (आपण लिहिलेली डॉट सी फाइल) नंतर, आधी दिलं तर बऱ्याच सिस्टिमवर तीच एरर परत येते.

आता माझं सगळ्यात लाजिरवाणं प्रकरण. क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या मशीनच्या गटावर, लॉगिन केलं, प्राइम नंबर मोजायचा एक प्रोग्राम लिहिला, सोपाच, आणि मस्त सोळा थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) लावून तिथल्या तिथे सोडला. तासाभरानी प्रोग्राम मेलेला आणि मेलबॉक्समध्ये ॲडमिनचा मेल, अतिशय नम्र, आणि नम्र होता म्हणूनच जास्त लागला. ज्या मशीनवर आपण लॉगिन होतो ती, म्हणजे लॉगिन नोड, सगळ्यांची बैठकीची खोली, तिथे फाइल एडिट करा, कंपाइल करा, छोटं काही तपासा. काम करायची मशीन्स वेगळी, ती कम्प्यूट नोड, आणि तिथे शेड्युलरमार्फतच, म्हणजे कामं रांगेत लावणाऱ्या प्रोग्राममार्फतच, जायचं. आमच्याकडे स्लर्म होता. एसबॅचनी जॉब द्यायचा, किती कोर, किती मेमरी, किती वेळ ते आधी सांगायचं, मग एसक्यूमध्ये, म्हणजे रांगेच्या यादीत, बघत बसायचं की पीडी, म्हणजे पेंडिंग, कधी जातंय. दोन मिनिटांच्या कामाला चोवीस तास मागितले तर रांगेत जास्त ताटकळावं लागतं, कारण छोटी कामं शेड्युलर मधल्या फटींत घुसवू शकतो, हे मला सहा महिन्यांनी कळलं.

पण कमी वेळ मागितला तर? तेही केलं. जॉब चालू, आउटपुट फाइल रिकामी, दर पाच मिनिटांनी उघडून बघतेय, शून्य बाइट. दोन तासांनी वेळ संपली म्हणून स्लर्मनी मारला आणि फाइलमध्ये त्यानी मारल्याची एक ओळ, बाकी शून्य. वाटलं की लूपमध्ये शिरलाच नाही. तर तसं नव्हतं. प्रिंटएफ स्क्रीनवर छापत असेल तर ओळ संपली की लगेच बाहेर टाकतो, पण फाइलमध्ये छापत असेल तर आधी बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) साठवतो आणि बफर भरला की एकदम लिहितो. माझा प्रोग्राम अधूनमधून एखादी छोटी ओळ छापायचा, बफर भरायच्या आतच मेला आणि साठलेलं सगळं घेऊन गेला. तेव्हापासून प्रत्येक महत्त्वाच्या ओळीनंतर एफफ्लश, बफर लगेच फाइलमध्ये ओतायला. सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावला म्हणून प्रोग्राम मरणं, शोधताना पण हे लक्षात ठेवा, शेवटची छापलेली ओळ म्हणजे शेवटची चाललेली ओळ असं फाइलवरून समजू नका.

सेगफॉल्टवरून आठवलं, मेनमध्येच १००० बाय १००० चा डबलचा ॲरे घेतला तर चालतो आणि ११०० बाय ११०० घेतला की प्रोग्राम सुरू होताहोता मरतो, यात जादू काही नाही. लिनक्सवर स्टॅक, म्हणजे फंक्शनमधली व्हेरिएबल राहतात ती जागा, सहसा ८ एमबीचा असतो, म्हणजे ८३,८८,६०८ बाइट. एका डबलला ८ बाइट, म्हणून पहिला ॲरे बरोब्बर ८० लाख बाइट, कसाबसा मावतो. दुसरा ९६,८०,०००, नाही मावत. मॅलॉक वापरा किंवा ॲरेला स्टॅटिक करा, मग तो स्टॅकवर नसतो, सुटला प्रश्न.

घरच्या लॅपटॉपवर बनवलेली एक्झिक्युटेबल उचलून तिकडे नेऊ नका हेही सांगून ठेवते. ग्लिबसीचं, म्हणजे सीच्या मूळ लायब्ररीचं, अमुक व्हर्जन सापडलं नाही अशी एरर येते, कारण असल्या सिस्टिम मुद्दाम जुन्या ठेवलेल्या असतात, सेंटओएस ७ या लिनक्सवर तर ग्लिबसी २.१७ होती. सोर्स न्या, तिकडे कंपाइल करा. आणि कोणी इंटरनेटवर वाचून कंपाइल करताना मार्च इक्वल टू नेटिव्ह (जिथे कंपाइल होतंय त्याच प्रोसेसरसाठी खास कोड) लावा म्हणालं तर आधी बघा की लॉगिन नोड आणि कम्प्यूट नोडचे प्रोसेसर एकच आहेत का, नाहीतर इल्लीगल इन्स्ट्रक्शन म्हणून जॉब पहिल्या सेकंदाला खलास.

बाकी बारीकसारीक खूप आहे. कंट्रोल एस चुकून दाबलं की टर्मिनल गोठतं, कंट्रोल क्यू नी सुटतं, मी यापायी दोन वेळा खिडकी बंद करून परत लॉगिन केलंय. कंट्रोल झेड म्हणजे प्रोग्राम बंद नाही, नुसता थांबलेला, मेमरी अडवून बसलेला. आणि होम फोल्डरला सीएचमॉड ७०० करा, म्हणजे ते फक्त तुम्हालाच उघडेल, नाहीतर तुमची असाइनमेंट शेजारचा आरामात वाचेल, आणि मग कोणी कोणाची कॉपी केली हे सिद्ध करत बसा.

तर त्या ज्युनियरला मी लिहिलं, नावाच्या आधी डॉट स्लॅश लाव, बघ चालतं का. दोन मिनिटांनी रिप्लाय. ताई, आता परमिशन डिनाइड म्हणतंय. म्हटलं स्क्रीनशॉट पाठव. पाठवला.

डॉट स्लॅश टेस्ट डॉट सी.