कार डायरी

रविवार, ९ नोव्हेंबर, रात्री साडेदहा

आप्पांचा हयातीचा दाखला आज एकदाचा झाला. मोबाईलसमोर चेहरा धरायचा आणि डोळे मिचकवायचे, एवढंच काम. तीनदा नापास झाले. चौथ्यांदा वैतागून म्हणाले, "कारगिलच्या लढाईत द्रासला होतो तेव्हा जिवंत आहेस का म्हणून कुणी विचारलं नाही." त्या तिरीमिरीत पापणी बरोबर हलली आणि झालं काम.

दाखल्याच्या निमित्ताने ट्रंक उघडली होती. आप्पांचं फौज सोडतानाचं डिस्चार्ज बुक अजून त्याच कापड दुकानाच्या पिशवीत. आतल्या पानावर आईचं नाव 'सुमन' आणि आधार कार्डावर 'सुमनबाई'. या 'बाई'पायी आम्ही दीड वर्ष हेलपाटे घातले. प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, पुन्हा प्रतिज्ञापत्र. कारण काय, तर आप्पांच्या माघारी तिला फॅमिली पेन्शन मिळताना अडचण नको. ती समोर खुर्चीत बसलेली असायची आणि काउंटरवरचा माणूस तिच्याकडे न बघता विचारायचा, "या दोन्ही एकच बाई कशावरून?"

दुपारी भाचा आला होता. युक्रेनमध्ये खारकीव्हला एमबीबीएसला होता, युद्ध सुरू झाल्यावर २०२२च्या मार्चमध्ये सरकारच्या 'ऑपरेशन गंगा'च्या विमानाने परतला. तिथल्या एका वर्गमैत्रिणीशी अजून बोलणं असतं. तिचा भाऊ सैन्यात गाडी चालवतो, पुढच्या फळीवरून जखमींना मागे आणायची. त्याला आता 'युद्धात लढलेला' हा सरकारी दर्जा मिळालाय, तोही स्वतः अर्ज न करता. युनिटने माहिती चढवली, सरकारच्या डिजिटल रजिस्टरमध्ये नोंद झाली आणि ओळखपत्र फोनवरच्या 'दिया' या तिथल्या सरकारी ॲपमध्ये आलं. वीज-गॅसच्या बिलात ७५ टक्के सवलत, शहरातला बसप्रवास फुकट. आणि हे सगळं नोकरीत असतानाच!

आपल्याकडे असा वेगळा दर्जाच नाही. 'माजी सैनिक' ठरतो तो फौज सोडल्यावर, तेही नोकरी आणि पेन्शनच्या हिशोबाने. गोळीबार अंगावर घेतलेला आणि आयुष्यभर डेपोत माल मोजलेला, दोघांचं कार्ड सारखंच. एका परीने ते बरंच आहे म्हणा. लढला कोण आणि नुसता हजर कोण, याची भांडणं होत नाहीत.

तिकडे युक्रेनमध्ये मात्र १९९३च्या कायद्यापासून हा वेगळा दर्जा आहे, आणि त्यासाठी 'प्रत्यक्ष सहभाग' दाखवावा लागतो. म्हणजे लढाईच्या हुकमांचे उतारे, अहवाल, युनिटची नोंदवही. २०१४ साली पूर्वेकडच्या दोनबास भागात लढायला जे स्वयंसेवक आपणहून गेले, त्यातल्या कित्येकांची नावं कुठल्याच हजेरीपटावर नव्हती. त्यांच्यासाठी २०१९च्या डिसेंबरात कायदा बदलावा लागला आणि सोबत लढलेल्यांच्या साक्षींना मोल आलं. पाच वर्षं ही माणसं कागदोपत्री घरीच बसून होती.

मी म्हटलं, "बघा आप्पा, असं पाहिजे. खेटे नाहीत, झेरॉक्स नाही."

आप्पा चहाची बशी फुंकत होते. म्हणाले, "चढवतो कोण ते?"

"कुणीतरी क्लार्क असेल युनिटचा."

"मग झालं."

त्यांच्या या 'मग झालं'मागे काय आहे ते घरात सगळ्यांना माहीत आहे. १९९९ च्या जूनमध्ये, कारगिल युद्धात, ते सोनमर्गहून झोजिला खिंड ओलांडून द्रासकडे दारूगोळा न्यायचे. रात्री, दिवे बंद करून, पुढच्या गाडीचा अंदाज घेत. वर टेकड्यांवर शत्रू, खाली उघडा रस्ता, आणि तोफगोळे त्या रस्त्यावरच पडत. पुढे पदकं आली. कारगिलच्या मोहिमेचं नाव ऑपरेशन विजय, त्यातलं ऑपरेशन विजय स्टार प्रत्यक्ष लढाईच्या टापूतल्यांना आणि ऑपरेशन विजय मेडल मोहिमेत सामील बाकीच्यांना. आप्पांना मेडल मिळालं. स्टारच्या यादीत नाव नव्हतं. यादी ज्याने टाइप केली त्याच्या लेखी त्यांची गाडी मागच्या तळावरच उभी होती म्हणे. ते भांडायला गेले नाहीत. मी असते तर गेले असते, पण मला कुणी गोळे चुकवत गाडी हाकायला लावली नव्हती, म्हणून असं म्हणणं सोपं.

भाचा म्हणाला, "आजोबा, पण तुम्ही तिथे होता याचा पुरावा असेलच की कुठेतरी."

"कार डायरी," आप्पा म्हणाले. प्रत्येक फौजी गाडीत ती असते. कुठून निघाली, कुठे पोहोचली, किती किलोमीटर झाले, खाली सही. त्यांनी गाडीचा नंबर सांगितला, सगळा, न अडखळता. आईचा मोबाईल नंबर त्यांना अजून पाठ नाही. "द्रासच्या अलीकडचं मताईन ते द्रास, माझ्या हातचं लिहिलेलं आहे. एका पानावर चहा सांडलाय."

"ती डायरी आता कुठे असेल?"

"गाडी भंगारात गेली असेल. डायरी तिच्याबरोबर."

मग बशी खाली ठेवून भाच्याला म्हणाले, "त्या पोराला सांग, गाडीतल्या वहीचा फोटो काढून ठेव म्हणावं. रोजच्या रोज." भाच्याने लगेच मेसेज टाईप करायला घेतला, आणि 'कार डायरी'ला काय म्हणावं यावर अडला. दोघं बराच वेळ त्या एका शब्दावर खल करत बसले. मी ट्रंक लावून टाकली.