वर्गशिक्षकांनी लिहिलेलं शिफारसपत्र

दहावीनंतर पुण्यात शिकायचं तर वसतिगृह मिळायलाच हवं होतं. अर्जाला वर्गशिक्षकांचं शिफारसपत्र जोडायचं होतं. शाळेच्या ऑफिसात वर्तणुकीचा छापील दाखला मिळायचा, ‘माझ्या माहितीप्रमाणे वर्तणूक चांगली आहे’ आणि खाली गोल शिक्का. आमच्या सरांनी मात्र फुलस्केप कागद काढला आणि दोन्ही बाजू शाईनं भरून काढल्या.

पाकीट बंद करण्याआधी त्यांनी मला पत्र वाचायला दिलं. त्यात ‘हुशार’, ‘होतकरू’ असलं काही नव्हतं. पहाटे घरोघर दूध घालून हा मुलगा पहिल्या तासाला वेळेवर हजर असतो. भूमितीचं प्रमेय पाठ करत नाही, आकृतीची अक्षरं बदलून दिली तरी सिद्ध करून दाखवतो. इंग्रजी कच्चं आहे, तिथं मदत लागेल. हे शेवटचं वाचून माझा चेहरा पडला. सर म्हणाले, “अरे, मुलाखतीत ते कळणारच आहे. आधीच सांगितलं तर शिकवायची सोय तरी करतील.” आणि खरोखरच प्रवेशासोबत संध्याकाळचा इंग्रजीचा वर्गही मिळाला.

मुंबईतले एक शिक्षक, केळुसकर गुरुजी, यांची गोष्ट आम्ही सरांकडूनच ऐकली. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा भीमराव गुरुजींनी स्वतः पाहिला होता. पुढे त्यांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि बाबासाहेबांना कॉलेजसाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. सर ही गोष्ट फार आत्मीयतेनं सांगत.

आता मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. परदेशी अर्जांचे दिवस आले की मुलं पत्रं मागायला येतात. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं तीन पत्रं मागतात आणि ती शिक्षकानंच थेट त्यांच्या पोर्टलवर चढवायची असतात. “सर, मसुदा मी आणतो, तुम्ही फक्त सही करा,” असं मुलं सहज म्हणतात. मला ते पटत नाही. मी त्यांना समोर बसवतो. प्रकल्पात काय अडलं, रात्री लॅबमध्ये कोण थांबलं, जोडीदाराचं काम कुणी उचललं, हे विचारतो आणि माझ्या डोळ्यांदेखत घडलं तेवढंच लिहितो. ज्याला मी नुसत्या हजेरीपटावरून ओळखतो, त्याला स्पष्ट सांगतो, “तुझ्या प्रकल्पाच्या मार्गदर्शकांकडे जा. तू वर्षभर त्यांच्या हाताखाली काम केलंस, पत्र त्यांनीच लिहायला हवं.”